‘लिटल क्रो यांचा पाइप’: कार्डावरच्या नावावर किती विसंबायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं समजणं चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका लहान काउंटी म्युझियममध्ये तुम्ही संग्रहाच्या नोंदी तपासायचं काम करताय. कोठारात लाल दगडाची वाटी आणि लांब लाकडी दांडा असलेला एक पाइप निघाला. सोबतच्या टंकलिखित कार्डावर एवढंच आहे: ‘सू सरदाराचा शांतता-पाइप. 1862च्या उठावात लिटल क्रोकडून मिळाला. देणगीदाराचे वडील फर्स्ट मिनेसोटात होते.’ खाली 1924 हे साल आणि दाखल-क्रमांक. दुसरा कागद नाही. संचालकांना तो येत्या प्रदर्शनात मांडायचाय आणि तुमचं मन धजत नाही. हा पाइप खरोखर डकोटांचा (कार्ड ज्यांना ‘सू’ म्हणतं त्या मूळनिवासींपैकी एक समाज), खरोखर विधीतला आणि खरोखर लिटल क्रो यांचा आहे का, हे सिद्ध कसं करायचं, असं तुम्ही विचारताय.

बावीस वर्षं मी इथल्या म्युझियममध्ये रजिस्ट्रार म्हणून नोंदी सांभाळतेय, आणि त्यातली बरीच वर्षं मैदानी प्रदेशातल्या मूळनिवासी समाजांच्या वस्तूंबरोबर गेली. मी डकोटा नाही. त्यामुळे एखाद्या पाइपचा अर्थ काय, तो किती पवित्र, हे सांगायचा अधिकार माझा नाही. नोंदी कशा तयार होतात आणि कशा बिघडत जातात, तेवढं मी सांगू शकते.

त्याआधी एक काम. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वाटी दांड्याला जोडलेली आहे. ती सैल बसलेली असेल तर अलगद वेगळी करा आणि दोन्ही भाग स्वतंत्र, मऊ कागदात ठेवा. घट्ट बसली असेल तर जोर लावू नका, तशीच राहू द्या. डकोटा आणि त्यांच्या जवळच्या लाकोटा समाजाच्या परंपरेत दोन्ही भाग वेगळे ठेवतात. ते जोडणं हीच विधीची सुरुवात असते. वाटीच्या आतला काळा थर खरवडू नका, पुसूही नका. आणि तो फोटो कुठे टाकला असेल तर काढून टाका. हे सगळं पाइप विधीतला आहे असं गृहीत धरून सांगतेय. पुढे तसा नाही असं निघालं तर तुमचं काही गेलेलं नसेल.

शब्दाबद्दलही थोडं. ‘शांततेची चिलीम’ असं मराठीत म्हणायची सवय आहे, मी ते टाळते. चिलीम म्हटली की आपल्याला गोसाव्याच्या हातातली आखूड मातीची नळी दिसते. आणि ‘शांतता’ हा शब्द गोऱ्या अधिकाऱ्यांचा आहे. त्यांनी पाइप पाहिला तो बहुधा तहाच्या बैठकीत, म्हणून तो त्यांच्या लेखी शांततेचा झाला. डकोटा भाषेत त्याला चांदुहुपा म्हणतात, लाकोटा बोलीत चानुन्पा. प्रार्थना, शपथ, आजाऱ्यासाठी मागणं, दोन घराण्यांचं नातं जोडणं, अशा कितीतरी प्रसंगी तो लागतो. आणि प्रत्येक पाइप विधीचाच असतो असंही नाही. रोजच्या तंबाखूचे साधे पाइप होते, विकायला घडवलेलेही होते. तुमच्यापुढचा कोणता, हे कार्डावरून कळणार नाही.

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेत, आणि ते सुटे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दगड कुठला? घडवला आणि वापरला कोणी? कोणाकोणाच्या हातांतून तो तुमच्या कपाटापर्यंत आला? आणि पहिल्या हातातून तो सुटला कसा? म्युझियमवाल्यांचा सगळा जीव पहिल्या दोन प्रश्नांत अडकतो. मला चौथा प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो आणि नेमक्या त्यालाच कार्डाकडे उत्तर नसतं. ‘मिळाला’ हे क्रियापद पाहा. दिला, विकला, घेतला, उचलला, हिसकावला, यांतलं काहीही त्याखाली झाकलं जातं. मूळ इंग्रजी क्रियापदही तितकंच मोघम आहे, तुमच्या अनुवादाचा त्यात दोष नाही.

प्रॉव्हेनन्स म्हणजे नेमकं काय, हे नव्या मराठी सहकाऱ्याला समजावताना मी सातबाराचा आधार घेते. उताऱ्यावर आज कोणाचं नाव आहे एवढं पाहून कोणी जमीन घेत नाही. मागचे फेरफार काढतो, वारसनोंदी पाहतो. तुमच्या कार्डावर शेवटचा फेरफार तेवढा आहे: 1924, देणगी. त्याआधीच्या बासष्ट वर्षांचा एकही फेरफार नाही. आणि समजा पाइप एका माणसाचा नसून साऱ्या समाजाच्या वतीने त्याच्याकडे सांभाळायला दिलेला असेल, तर गोष्ट देवस्थान इनामासारखी होते. पुजाऱ्याने विकली तरी ती जमीन विकली जात नाही, कारण विकण्याचा हक्कच त्याच्याकडे नव्हता.

आता तुमचं कार्ड एकेका शब्दाने वाचू.

लिटल क्रो, म्हणजे ताओयातेदुता, हे डकोटांच्या म्देवाकांतन शाखेचे पुढारी. 18 ऑगस्ट 1862 रोजी मिनेसोटा नदीच्या खोऱ्यात डकोटा आणि अमेरिकन यांच्यात युद्ध पेटलं. तहांनी ठरलेले पैसे वेळेवर आले नव्हते, लोक उपाशी होते, आणि लिटल क्रो मनाविरुद्ध या युद्धात उतरले. 23 सप्टेंबरला वुड लेकची लढाई हरल्यावर ते पश्चिमेला निघून गेले. 3 जुलै 1863 रोजी हचिन्सनजवळ, मुलाबरोबर रानफळं तोडत असताना, एका वसाहतकऱ्याने त्यांना गोळी घातली. त्यांच्या देहाची विटंबना झाली. हाडं आणि टाळूची कातडी पुढे मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडे पोचली, काही वर्षं लोकांना दाखवायला मांडलेलीही होती. घरच्यांना ते अवशेष मिळाले 1971मध्ये, आणि तेव्हा दक्षिण डकोटातल्या फ्लँड्रो इथे त्यांना माती मिळाली.

हे इतकं सांगते कारण यातच त्या नावाचं कोडं आहे. ज्या माणसाचा देहसुद्धा लोकांनी आठवण म्हणून ठेवला, त्याचं नाव प्रत्येक लाल दगडाच्या पाइपला चिकटणारच. नातवंडांना सांगायला ‘आजोबांनी एक पाइप आणला’ यापेक्षा ‘लिटल क्रोचा पाइप आणला’ हे भारी. त्यात नावाला भावही येतो. या युद्धानंतर मिनेसोटातल्या मॅनकाटो इथे 26 डिसेंबर 1862 रोजी अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. त्यांतल्या व्हाइट डॉग यांच्याशी जोडलेला एक पाइप 2018मध्ये बॉस्टनच्या लिलावात निघाला. प्रेरी आयलंडच्या डकोटांनी तो मागे घ्या म्हणून सांगितलं, तरी बोली झाली आणि पाइप जवळपास चाळीस हजार डॉलरला गेला. निनावी खरेदीदाराने तो डकोटांना परत दिला, हे आपलं नशीब. म्हणून माझा अनुभवाचा नियम असा झालाय: नाव जितकं प्रसिद्ध, तितका पुरावा जास्त मागायचा.

मात्र नाव खोटं ठरवण्याचीही घाई करू नका. कार्ड 1924चं आहे की नंतर टाइप केलेलं? शाई, टाइपाचा ठसा, क्रमांकाची पद्धत शेजारच्या कार्डांशी ताडून पाहा. 1924ची हाताने लिहिलेली दाखल-वही नक्की कुठेतरी असेल. लहान म्युझियममध्ये ती कोठारात नसते, ऑफिसच्या वरच्या फळीवर किंवा काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये पडलेली असते. मी हाताळलेल्या एका संग्रहात 1930च्या दशकातल्या कार्डावर एका विख्यात सरदाराचं नाव होतं आणि आधीच्या वहीत फक्त ‘दगडी पाइप, एक’. मधल्या काळात कोणीतरी चांगल्या हेतूने, वर्तमानपत्रातली हकिगत वाचून, ते नाव भरलं होतं. तुमच्याकडेही नाव पहिल्यांदा कुठे उगवतं ते शोधा. स्थानिक वर्तमानपत्रांचे 1924चे अंकही पाहा, कारण तेव्हा अशा देणग्यांची बातमी छापून यायची आणि देणगीदाराचे स्वतःचे शब्द त्यात सापडतात.

‘फर्स्ट मिनेसोटा’ हा शब्द माझ्या दृष्टीने कार्डावरचा सगळ्यांत मौल्यवान आहे, कारण तो तपासता येतो. फर्स्ट मिनेसोटा इन्फन्ट्री ही पलटण 17 सप्टेंबर 1862 रोजी मेरीलँडमध्ये, अमेरिकन यादवी युद्धातल्या अँटीटमच्या रणांगणावर होती. म्हणजे देणगीदाराचे वडील खरोखर त्या पलटणीत असतील, तर ऐन डकोटा युद्धाच्या आठवड्यांत ते मिनेसोटा नदीपासून फार लांब होते. पण इथेच एक फसगत होते. 1862च्या शरद ऋतूत ‘फर्स्ट मिनेसोटा माउंटेड रेंजर्स’ नावाची घोडदळाची वेगळी तुकडी उभी राहिली. घरातल्या बोलण्यात दोन्ही ‘फर्स्ट मिनेसोटा’च होतात. ही घोडदळाची तुकडी 1863च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याच्या जनरल सिबली यांच्याबरोबर आजच्या उत्तर डकोटात गेली. तिथे 24, 26 आणि 28 जुलैला बिग माउंड, डेड बफेलो लेक आणि स्टोनी लेक इथे चकमकी झाल्या. माघार घेताना मूळनिवासींना वाळवलेलं मांस, कातडी, सामानसुमान मागे टाकावं लागलं आणि सैनिकांनी त्यातलं बरंचसं जाळलं. न जाळलेलं खिशात आणि खोगिरात गेलं.

एका शब्दाने काय उलटापालट होते पाहा. माणूस माउंटेड रेंजर्समधला निघाला, तर पाइप 1862चा नसून 1863चा, मिनेसोटातला नसून उत्तर डकोटातला, आणि म्देवाकांतनांचा नसून ‘सू’ म्हणवल्या जाणाऱ्या इतर गटांचा, म्हणजे सिसेटन, वाहपेटन, यांकटोनाय किंवा लाकोटांचा असू शकतो. त्यांतल्या कित्येकांचा आदल्या वर्षीच्या युद्धाशी काही संबंध नव्हता. मग ‘मिळाला’ याचा अर्थही बहुधा ‘टाकून गेलेल्या छावणीतून उचलला’ असा होतो. सैनिकाची हजेरीपत्रकं आणि पेन्शनचे कागद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये मिळतात. देणगीदाराचं आडनाव हातात असेल तर हे काम काही आठवड्यांचं आहे. सुरुवात इथून करा.

‘सू’ या शब्दाचा उपयोग नाही. तो बाहेरच्यांनी दिलेला, फ्रेंच व्यापाऱ्यांमार्फत आलेला, आणि त्यात सगळेच येतात. ‘डकोटा’ असं कुठे लिहिलेलं आढळलं तरी थांबा. डकोटा टेरिटरी 1861मध्ये झाली आणि 1889मध्ये तिची दोन राज्यं झाली. त्या काळातल्या लेबलवरचा ‘डकोटा’ पुष्कळदा समाजाचं नाव नसून जागेचं नाव असतो, आणि त्या प्रदेशात मंडान, हिदात्सा, अरिकारा असे इतर लोकही राहत होते.

आता प्रत्यक्ष वस्तू. लाल दगड पाहिला की सगळे ‘कॅटलिनाइट’ म्हणतात. चित्रकार जॉर्ज कॅटलिन 1836मध्ये मिनेसोटातल्या पाइपस्टोनच्या खाणीवर गेले आणि त्यांच्या नावावरून दगडाला हे नाव पडलं; त्याआधी पिढ्यानपिढ्या लोक तो काढत होतेच. हा मुळात मऊ, सुरीने कोरता येणारा मृत्तिकाश्म, हेमाटाइटमुळे लाल झालेला, कठीण क्वार्टझाइटच्या थराखाली पातळ पट्ट्यात सापडणारा. 1937पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे, आणि आजही मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांनाच परवाना घेऊन, हातांच्या अवजारांनी तिथला दगड काढता येतो. पण लाल पाइप-दगड विस्कॉन्सिनच्या बॅरन काउंटीतही मिळतो, हिमनद्यांनी वाहून आणलेला कॅन्ससमध्येही. क्ष-किरण विवर्तनाने फरक कळतो, कारण पाइपस्टोनच्या दगडात क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. कळलं तरी हाती काय लागेल? दगड त्या खाणीतला, एवढंच. तो दगड व्यापारात खंडभर फिरला. दगडाचं गाव म्हणजे पाइपचं घराणं नव्हे.

घडणीतून मात्र बरंच समजतं. 1864 ते 1866 या दोन वर्षांत नॉर्थवेस्टर्न फर कंपनीने जवळपास दोन हजार पाइप स्वतः बनवून वरच्या मिसूरी नदीकाठी मूळनिवासींना विकल्याचं तेव्हाच नोंदलं गेलंय. म्हणजे त्या काळातला, त्या दगडाचा, मूळनिवासी माणसाच्या हातातून आलेला पाइपसुद्धा त्यांनी घडवलेला असेलच असं नाही. वाटीच्या आत टॉर्चचा प्रकाश तिरका टाका. लेथवर कातलेल्या वाटीत समांतर, एकसारख्या रेषा असतात; हाताने घडवलेल्या वाटीत भोक किंचित निमुळतं, थोडं तिरपं असतं. पण मूळनिवासी कारागिरांकडेही धातूची गिरमिटं होती, तेव्हा नुसत्या सरळ भोकावरून निकाल देऊ नका. आणि व्यापाऱ्याने बनवलेला पाइप पुढे कोणी विधीत वापरला असेल, तर तो त्यांच्यासाठी पवित्र झालाच. कोणी कोरला यावर ते ठरत नाही.

दांड्याकडे वाटीपेक्षा जास्त लक्ष द्या, असं मी आग्रहाने सांगेन. म्युझियममध्ये वाटी आणि दांड्याची चुकीची जोडी लागणं नेहमीचं आहे. दांड्याचं टोक वाटीच्या भोकात नीट बसतं का? झीज एकमेकींशी जुळते का? साळिंदराच्या काट्यांची वीण असेल तर काट्यांचा रंग पाहा. कृत्रिम रंगांची सुरुवातच 1856मध्ये झाली. म्हणजे झळझळीत ॲनिलिन रंग असेल तर 1862 ही तारीख दांड्यापुरती अवघड होते. तुलनेला चांगला आधार हवा असेल तर सैन्यातले डॉक्टर नेथन स्टर्जिस जार्विस यांनी 1833 ते 1836च्या दरम्यान फोर्ट स्नेलिंग इथे जमवलेला संग्रह ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. त्याची तारीख आणि ठिकाण पक्कं आहे, म्हणून तो मोलाचा.

दांड्याचा आग्रह का, ते सांगते. मघाशी सांगितलेल्या त्या प्रसिद्ध नावाच्या पाइपसाठी आम्ही कागद गोळा करण्यात बराच काळ घालवला आणि मग त्या समाजातल्या ज्येष्ठांना बोलावलं. वाटी लेथवरची निघाली होती. ते आले, त्यांनी वाटी पाहिली आणि अगदी सौम्यपणे बाजूला ठेवली. मग त्यांच्यातल्या एका आजींनी विचारलं, ‘आणखी काय आहे?’ मी ‘किरकोळ’ असं लिहिलेलं एक खोकं उघडलं. त्यात एक नुसता दांडा होता, क्रमांक पुसट, नाव नाही, वीण अर्धी गळलेली. खोलीतलं बोलणं थांबलं. बराच वेळ कोणी काही म्हटलं नाही. नंतर त्यांनी आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आम्ही इतके महिने ज्या नावामागे लागलो होतो त्याचं त्यांना काही नव्हतं, आणि ज्यासाठी ते इतक्या लांबून आले असते ते मी स्वतःच्या हाताने ‘किरकोळ’मध्ये टाकलं होतं. त्या दिवसापासून मी एक गोष्ट कधी करत नाही: काय दाखवायचं याची निवड. सगळं दाखवते.

म्हणून माझा मुख्य मुद्दा, जो तुमच्या प्रश्नाच्या थोडा उलटा आहे. ‘आधी सिद्ध करू, मग कळवू’ हा क्रम चुकीचा आहे. अनिश्चितता हेच कळवण्याचं कारण आहे. पुराव्याचा एक मोठा भाग त्या समाजांकडे आहे आणि तो तुमच्या कपाटासमोर बसून मिळणार नाही.

कायदाही आता हेच सांगतो. मूळनिवासींच्या कबरी आणि वारसा-वस्तूंच्या परतीचा कायदा, ज्याला सगळे नॅगप्रा म्हणतात, 16 नोव्हेंबर 1990चा आहे. त्यात पवित्र वस्तू म्हणजे आजच्या अनुयायांना त्यांच्या विधींसाठी लागणाऱ्या वस्तू, आणि समाजाच्या सामाईक वारशाच्या वस्तू, अशा दोन वर्गांत पाइप येऊ शकतो. 12 जानेवारी 2024पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी दोन मोठे बदल केले. एक, अशी वस्तू मांडण्याआधी, कोणाला पाहू देण्याआधी किंवा तिच्यावर संशोधन करण्याआधी संबंधित जमातीची पूर्वसंमती हवी. दोन, वस्तू कोणाची आणि कशाची हे ठरवताना जमातीच्या परंपरागत ज्ञानाला मान द्यायचा. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने दोन दालनं बंद केली आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही कपाटं झाकली, ती यामुळेच. संचालकांना हे सांगा. आणि वर मी ज्या क्ष-किरण चाचणीबद्दल लिहिलं तीसुद्धा संशोधनच आहे. दगडाचा कण काढायचा तर आधी विचारा. अपवाद एका चाचणीचा मनात ठेवा आणि तीही पहिल्या पत्रातच सुचवा: जुन्या संग्रहांवर कीड लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याची औषधं सर्रास मारली जायची. परत गेलेला पाइप कोणीतरी ओठांना लावणार आहे. दरम्यान तुम्ही स्वतःही नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका.

तुमच्या म्युझियमला हा कायदा लागू होतो का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. ‘आम्हाला फेडरल पैसा मिळत नाही’ हे उत्तर तुम्हाला ऐकवलं जाईल. 16 नोव्हेंबर 1990नंतर एकदाही अनुदान किंवा कर्ज मिळालं असेल तर कायदा लागू होतो, आणि म्युझियम काउंटीचा भाग असेल तर काउंटीला मिळालेला पैसाही धरला जातो. लागू होत नसला, तरी रस्ता बंद नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या बॅर गावच्या छोट्या म्युझियमने आपण कायद्याबाहेर आहोत असं म्हणूनही नोव्हेंबर 2022मध्ये वुंडेड नीशी (जिथे 1890मध्ये अमेरिकन सैन्याने लाकोटांची कत्तल केली) जोडलेल्या दीडशेवर वस्तू लाकोटांना परत केल्या. ग्लासगोने 1999मध्ये लाकोटांच्या ‘घोस्ट डान्स’ या धार्मिक नृत्याचा सदरा परत केला, तिथे तर अमेरिकेचा कायदा पोचतच नव्हता.

कोणाला लिहायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. एकाला नाही, सगळ्यांना. 1863मध्ये डकोटांना मिनेसोटातून हाकललं गेलं. डकोटांची आज जी विखुरलेली घरं दिसतात, त्यांतली बरीचशी त्या हकालपट्टीमुळे आहेत. मिनेसोटात शाकोपी, प्रेरी आयलंड, लोअर सू आणि अपर सू, नेब्रास्कात सँटी, दक्षिण डकोटात फ्लँड्रो, सिसेटन-वाहपेटन, क्रो क्रीक, यांकटन, उत्तर डकोटात स्पिरिट लेक, माँटानात फोर्ट पेक. माउंटेड रेंजर्सचा धागा खरा निघाला तर स्टँडिंग रॉकही. कॅनडातल्या डकोटांना हा कायदा लागू नाही, पण लिटल क्रो यांचं नाव असलेल्या वस्तूबद्दल त्यांनाही कळवणं मला योग्य वाटतं. बऱ्याच जमातींत वारसा-जतनाचं कार्यालय असतं, पत्र तिथे जातं. एकाहून जास्त दावे आले तर घाबरू नका. तो वाद तुम्ही सोडवायचा नाही. बहुतेक वेळा ते आपसांत बोलून ठरवतात, आणि त्यासाठी वेळ लागला तर तो द्यायचा.

भेट ठरली की त्यांचे संकेत आधी विचारा. विधीसाठी सेज ही सुगंधी वनस्पती जाळता यावी म्हणून धुराचा अलार्म बंद करता येईल अशी खोली लागते, एकांत लागतो. काही समाजांत मासिक पाळीच्या दिवसांत बायका पाइपजवळ जात नाहीत. आपल्यापैकी बऱ्याच जणींना हे ऐकून आपल्या घरातल्या गोष्टी आठवतील आणि मनात विरोध येईल. मी त्या वेळी दुसऱ्या सहकाऱ्याला खोके उघडायला सांगते. ती त्यांची प्रार्थना आहे.

नोंद कशी लिहायची तेही सांगते, कारण ती तुम्ही उद्याच लिहू शकता. जुनं कार्ड खोडू नका, फाडू नका. त्याखाली तारीख टाकून नवी नोंद करा: ‘वाटी: लाल पाइप-दगड, खाण तपासलेली नाही. दांडा: वाटीशी मूळचा आहे की नाही, अनिश्चित. समाज: डकोटा असण्याची शक्यता, आधार फक्त कार्डाचा. लिटल क्रो यांचा उल्लेख: पहिल्यांदा कुठे आला ते शोधणं चालू. हस्तांतर: 1862 ते 1924 अज्ञात, सैनिकाची पलटण तपासायची आहे. प्रदर्शन: जमातींशी बोलणं होईपर्यंत नाही.’ प्रत्येक ओळीला तिची स्वतःची शंका राहू दे. ‘संभवतः लिटल क्रो यांचा’ असं गुळमुळीत वाक्य मात्र लिहू नका; वीस वर्षांनी कोणीतरी ‘संभवतः’ गाळून टाकतं.

पत्र लहान ठेवा. काय आहे, कार्ड शब्दशः काय म्हणतं, तुम्हाला काय माहीत नाही, भाग वेगळे ठेवलेत, मांडलेला नाही, कीटकनाशकाची चाचणी करू का, आणि इतर कोणत्या वस्तू पाहायला आवडतील. फोटो जोडू नका. हवा का, एवढं विचारा.

एक राहिलं. तुम्ही मला कार्डाची पुढचीच बाजू पाठवलीय. मागची पाहिलीत का? देणगीदाराचा पत्ता, आधीचा क्रमांक, कधीकधी पलटणीची कंपनी, हे सगळं पेन्सिलने मागे लिहिलेलं असतं, आणि टाइप करणाऱ्याने ते पुढे उतरवून घेतलेलं नसतं. आधी ते पाहा आणि मला कळवा.